चौदावा दगड

फोन माझ्या बहिणीने उचलला, म्हणून ही गोष्ट घरात लपून राहिली नाही. मी उचलला असता तर ‘बरं, बघतो’ म्हणून ठेवून दिला असता आणि पुढे काहीही बघितले नसते.

“दादा, तुझा नकाशा पितळेत ओतणार आहेत!” रिसीव्हर छातीशी धरून ती म्हणाली. “त्या दगडांच्या टेकाडापाशी लावणार. खाली तुझं नाव. अरे, बोल ना त्यांच्याशी. मूग गिळून काय बसलास?”

फोनवर पुरातत्त्व खात्यातली नवी अधिकारी होती. आवाजावरून तिशीची असावी. “सर, आता आम्ही वरून कॅमेऱ्यानं सगळं टिपतो,” ती म्हणाली, “पण तुमच्या रेघेत जो जीव आहे तो त्यात येत नाही. पाटी ओतायला देण्याआधी एकदा जागेवर येऊन तुम्ही नजरेखालून घालावी, एवढीच विनंती.”

मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही. आयुष्यातल्या माझ्या बहुतेक चुका या एकाच खोडीतून झाल्या आहेत.

ते टेकाड म्हणजे खरे तर थडगे आहे. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मेले. त्याच्या लोकांनी दगडी फरशांची पेटी करून त्याला आत ठेवले, वर माती आणि खडी रचली आणि भोवती उभ्या दगडांचे कडे केले. मूळ कडे केवढे होते कुणास ठाऊक. बरेचसे दगड लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्यांना आणि कुंपणांना नेले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, मी खात्यात नकाशे काढत असताना, तिथे मोजणीला गेलो तेव्हा तेरा उरले होते.

तेरा. फितीचे एक टोक माझ्या हातात होते आणि दुसरे तिथल्या राखणदाराच्या. तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, खांद्याने रुंद, बोलायला मोकळा. मी खडूने दगडांवर आकडे घालायचो आणि तो हसायचा.

“नकाशेवाले, माणसांना नावं आणि यांना नंबर? तुरुंगात टाकलंय काय यांना?”

त्याने प्रत्येक दगडाला नाव दिलेले होते. ताठ उभा तो मास्तर. पोट सुटलेला तो हवालदार. कलंडलेला तो जावई, “कारण कधीही आला तरी टेकूनच बसतो.” पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन दगड म्हणजे जावा. “तीन हजार वर्षं झाली, अजून बोलत नाहीत.” मी ती नावे मोजणीच्या हिरव्या वहीत, आकड्यांच्या शेजारी, बारीक अक्षरात टिपून घेतली. माझ्यासारख्या पुस्तकी माणसाला लिहून घेतल्याशिवाय धड हसताही येत नाही.

कचेरीत परतल्यावर नकाशा ट्रेसिंग कापडावर शाईने पक्का करायचा असे. आमच्या विभागात एक रीत होती. कापडावर डाग पडला तर तो ब्लेडने खरवडायचा. तेवढ्याने गेला नाही, तर विभागप्रमुख ते कापड बोळातल्या भिंतीवर टाचायचे, खाली काढणाऱ्याचे नाव लिहायचे, आणि महिनाभर ते तसेच लटकायचे. आम्ही त्या भिंतीला न्हाणीघर म्हणत असू, कारण तिथे माणूस उघडा पडायचा. इतरांना त्याचे फारसे काही वाटत नसे. एकाने तर स्वतःच्या डागाला मिशा काढल्या होत्या. मला मात्र टायपिस्ट बायका तिथे थांबून माझे नाव वाचताहेत, एवढ्या कल्पनेनेच घाम फुटायचा.

तेराही दगड भरून झाले होते. उत्तरेचा बाण काढताना पेनातून एक थेंब सुटला आणि कड्याच्या ईशान्येला, मोकळ्या जागेत पडला. मी टीपकागद दाबला. घाईत तो सरकला आणि थेंबाला डावीकडे बारीक शेपूट फुटले. त्याच जागी मी सकाळी एक चुकलेली रेघ खरवडली होती. पुन्हा ब्लेड लावले असते तर कापड फाटले असते. पलीकडच्या खोलीत विभागप्रमुख खोकत होते. मी पेन उचलले, थेंबाची कड नीट केली, शेपूट लपेना म्हणून तसेच ठेवले, आणि शेजारी सुबक अक्षरात ‘१४’ लिहिले.

दोन मिनिटांचे काम. विभागप्रमुखांनी नकाशा उजेडाला धरला आणि म्हणाले, “शाब्बास. एकही डाग नाही.”

पुढच्या प्रतीत दुरुस्त करू, असे मी ठरवले होते. पुढच्या प्रती त्याच कापडावरून छापून निघाल्या. त्यातली एक काचेत घालून राखणदाराच्या चौकीत लावली गेली. तो तिच्याकडे कौतुकाने बघायचा म्हणे, पण मोजायला काही गेला नाही. दगड रोज डोळ्यांसमोर असताना माणूस नकाशातले कशाला मोजील?

बारा वर्षांनी तपासणीला एक अधिकारी आला. तो नकाशा हातात घेऊन दगड मोजत गेला आणि तेरावर थांबला.

चौकशी आमच्या कचेरीत झाली. राखणदार त्याच बोळात बाकावर बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, नवा असावा. मला बघताच उठला.

“बरं झालं बुवा, तुम्ही आलात. मी यांना घसा फोडून सांगतोय, तेराच होते. तर म्हणतात, एक विकलास. अहो नकाशेवाले, आपण दोघांनी मोजलेत ना? सांगा की यांना.”

मी मान हलवली. ती ‘हो’ अशी हलवली की नुसतीच, हे मला आजही सांगता येत नाही.

आत साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. “नकाशात चूक असू शकते का?”

मी म्हणालो, “शक्यतो नाही.”

कारकुनाने ‘नाही’ एवढेच लिहिले. टेबलाच्या अलीकडून मी ते उलटे वाचले. ‘शक्यतो’ राहिले, असे म्हणायलाही माझे तोंड उघडले नाही. मोजणीची वही कुणी मागितली तर काय, या भीतीने मी त्याच संध्याकाळी ती कपाटातून काढून पिशवीतून घरी आणली. कुणी मागितली नाही. राखणदाराची नोकरी गेली. मी दुसऱ्या शहरी बदली मागितली आणि ती ताबडतोब मिळाली, कारण मी कधी काही मागत नसे.

आज त्या चौकशीला तेहतीस वर्षे झाली. निवृत्तीनंतर मी बहिणीकडे राहायला आलो तेव्हा पुस्तकांबरोबर ती वहीही आली. शब्दकोशांच्या मागे ती असते. तेहतीस वर्षांत मी तिथे काही कमी वेळा हात घातलेला नाही; धाडस मात्र हाती लागले नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बहीण माझ्या पिशवीत डबा ठेवत होती.

“ती हिरवी वही घेतलीस?”

“कुठली वही?”

“दर साफसफाईला जिची जागा बदलतोस ती. मी काय आंधळी आहे? पहिल्यांदा वाटलं, दादाला कुणा बाईनं लिहिलेली पत्रं असतील. उघडून बघते तर सगळे आकडे. इतकी निराशा झाली माझी!”

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले, मग आत गेली, वही घेऊन आली आणि डब्याखाली सरकवली.

बसमध्ये तीन तास मी वाक्य पाठ करत होतो. ‘मॅडम, या नकाशात एक चूक आहे.’ मग वाटले, ‘चूक’ हा शब्द फार लहान आहे. मग वाटले, शब्द निवडत बसणे हीच माझी पळवाट आहे.

अधिकारी मुलगी फाटकापाशी उभी होती. चष्मा, धुळीचे बूट, हातात माझ्या नकाशाची गुंडाळी. तिने इतक्या आदराने माझा हात धरून मला आत नेले की पाठ केलेले वाक्य मी फाटकाबाहेरच विसरलो. आधी दगड बघू, मग सांगू, असे मनाशी म्हटले.

मास्तर ताठ होता. हवालदाराच्या पोटावर शेवाळ चढले होते. जावई आणखी कलला होता. जावा अजून बोलत नव्हत्या. मी एकेक मोजत पुढे गेलो. अकरा, बारा, तेरा. आणि ईशान्येला, जिथे मोकळी जागा असायला हवी होती, तिथे गुडघ्याएवढा एक दगड उभा होता.

मी थांबलो. मग उलट दिशेने पुन्हा मोजले. चौदा.

त्या क्षणी मला काय वाटले ते खरे खरे लिहितो. मला आनंद झाला. वाटले, म्हणजे तो होताच! थेंब पडला, शेपूट फुटले, हे सगळे माझ्या भित्र्या डोक्याने नंतर रचलेले असणार. वही चुकीची आहे, नकाशा बरोबर आहे, आणि मी तेहतीस वर्षे उगीचच जळत राहिलो. माझा स्वतःच्या स्मरणावर कधीच फार विश्वास नव्हता. त्या दिवशी तो नसल्याचे प्रथमच बरे वाटले. मी त्या दगडाला हात टेकवला.

हाताला डावीकडे एक निमुळते टोक लागले. मी वाकून वरून पाहिले. दगड गोल होता आणि त्याला डाव्या अंगाला बारीक शेपूट होते.

माझा टीपकागद सरकला होता तेवढेच.

“हा सर, याची मोठी गंमत आहे,” अधिकारी मागून म्हणाली. “तुमच्या नकाशात होता पण मधे गायब झाला होता. इथल्या राखणदारानं विकला म्हणून त्याला काढलं. दोन-अडीच वर्षांनी तोच सांगत आला, जमिनीत पुरलेला सापडला म्हणून. लोक काय ते समजले. चोरलेला आणून ठेवला, दुसरं काय? गावात त्याला अजून ‘चौदावा’ म्हणतात. लहान मुलंसुद्धा.”

“तो आहे?” मी विचारले.

“आहे ना. बाजाराच्या रस्त्याला त्याच्या मुलीचं शिवणकामाचं दुकान आहे, तिच्याकडे असतो. का, ओळखता?”

मी पुन्हा मान हलवली. तिने नकाशा दगडावर पसरला. नकाशात चौदा, जमिनीवर चौदा. खाली कोपऱ्यात माझे नाव. सगळे कसे जुळले होते. मी आता गप्प बसलो तर कुणाच्याही काही लक्षात येणार नव्हते; पाटी पितळेची होईल, आणि पितळ माझ्या आणि त्याच्या मरणानंतरही शेकडो वर्षे हेच सांगत राहील की एक दगड चोरीला गेला होता आणि चोराने तो परत आणला.

“पाटी ओतायला देऊ ना, सर?”

“संध्याकाळपर्यंत थांबा,” मी म्हणालो.

दुकान अरुंद होते. दाराशी शिवणयंत्र, भिंतीला अर्धवट शिवलेले कोट, मधे कापड बेतायचे लांब टेबल. पंचेचाळिशीची एक बाई गळ्यात फीत अडकवून, ओठांत टाचण्या धरून बाही जोडत होती.

“माप द्यायचंय की कपडे न्यायचेत, काका?” टाचण्यांमधूनच तिने विचारले.

“तुमच्या वडिलांना भेटायचं होतं.”

तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. “चौदाव्याला बघायला आलात? वर्षातून दोन-चार येतात असे. तिकीट लावायला हवं आता.”

“मी... तो नकाशा मी काढला होता.”

ती काही बोलायच्या आत पडद्यामागून आवाज आला, “कोण? नकाशेवाले?”

मागच्या खोलीत एक खाट होती आणि खिडकी. तो पाय खाली सोडून बसला होता. खांदे अजून रुंद, पण त्यांच्यावरचे सगळे ओसरलेले. डोळ्यांत पांढुरकी साय. तो माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होता.

“बसा, बसा. अगं, खुर्ची दे. मी वाटच बघत होतो तुमची. म्हटलं, मरायच्या आधी हा माणूस एकदा भेटावा. तुमच्याशिवाय हे कुणाला सांगणार?”

मी बसलो नाही. मुलगी पडद्याला टेकून उभी राहिली.

“नोकरी गेली तेव्हा मी पहिले काही दिवस लोकांशी भांडलो,” तो म्हणाला. “मग माझा मलाच भरवसा वाटेना. काढून टाकलं तरी मी चौकीत जाऊन काचेतला तो नकाशा बघत बसायचो. तुम्ही कसे मोजता ते मी पाहिलं होतं हो. एकेक दगड तीन-तीनदा. म्हटलं, हा माणूस चुकणारा नाही. मग चुकलो मीच. एक तर मला मोजता येत नाही, नाहीतर माझ्या नाकाखालून कुणी नेला. दोन वर्षं सळई घेऊन जमीन टोचत हिंडलो. पोरं मागं ओरडायची. नाही सापडला.”

“बाबा, राहू दे ना,” मुलगी म्हणाली.

“बोलू दे मला. मग ओढ्यातनं एक दगड आणला. चार महिने घासला, मागच्या अंगणात, गोणपाट टाकून. नकाशात होता तसाच्या तसा. शेपटीसकट. हिला सांगितलं होतं, जातं करतोय. पुरला, थोडे दिवस ठेवला, आणि मग सापडला म्हणून सांगितलं.” त्याने हाताने चाचपत माझी बाही पकडली. “नकाशेवाले, मी तुमच्या कामात खोटं घातलं. ज्याला तिथं ठेवलाय त्याच्या उशाशी खोटा दगड रोवला. माझ्यावरचा डाग पुसायला गेलो आणि तुमच्या नकाशाला लावला. मला माफ करा.”

बाही त्याच्या मुठीत होती. मी ‘असू द्या’ एवढे म्हटले असते तर तो सुखाने झोपला असता. हा विचार माझ्या मनात आला, आणि तो आला याचीच मला अजून जास्त शरम वाटते.

मी पिशवीतून वही काढली आणि त्याच्या मुलीच्या हातात दिली. “यात मोजणी आहे,” मी म्हणालो. “मोठ्यानं वाचा.”

तिने संशयाने पान उघडले. “एक. मास्तर. उंची... हे काय, नावं लिहिलीत?” तिचा आवाज बदलला. “दोन. हवालदार. तीन. जावई.”

म्हाताऱ्याचे ओठ तिच्या जरा पुढेच हलत होते. जावांपाशी तो किंचित हसला. “बारा. मुकी. तेरा. म्हातारी.” तिने पान उलटले. “पुढे कोरं आहे.”

“अजून एक उलट,” तो म्हणाला.

“कोरंच आहे, बाबा. शेवटपर्यंत.”

माझी बाही अजून त्याच्या हातात होती.

“चौदावा नव्हता,” मी म्हणालो. “शाई सांडली होती. तो थेंब आहे. मी त्याचा दगड केला. चौकशीत मला विचारलं तेव्हा मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.”

त्याने बाही सोडली. मग विचारले, “केवढी?”

“काय?”

“शाई. केवढी सांडली होती?”

मी इकडेतिकडे पाहिले. खिडकीत बटणांची डबी होती. मी शर्टाचे एक बटण घेऊन त्याच्या तळव्यावर ठेवले. त्याने ते अंगठ्याने चाचपले.

“एवढी?”

“नाही. त्याच्या एका भोकाएवढी.”

त्याचा अंगठा ते भोक शोधत राहिला. “चार महिने,” तो स्वतःशी म्हणाला. “शेपूट दोनदा मोडलं. दोनदा नवा दगड आणला.”

मुलीने वही मिटली. ती ओरडेल असे मला वाटले होते. ती अगदी हळू बोलली. “मी बारा वर्षांची होते. वर्गात हजेरी घेताना माझा नंबर आला की सगळी मुलं चौदा म्हणून ओरडायची. माझा नंबर नऊ होता. आई शेवटपर्यंत बाजारात गेली नाही. तुम्ही त्या वेळी काय करत होता?”

“वाचत होतो,” मी म्हणालो. दुसरे खरे उत्तर नव्हते.

तिने टेबलावरचे कापड एका बाजूला लोटले, हिशेबाच्या वहीतला एक कोरा कागद फाडला आणि पेन त्यावर आपटले. “लिहा.”

“घरी जाऊन नीट, सुवाच्य...”

“इथंच. आत्ता. खाडाखोड झाली तरी चालेल. डाग पडला तरी चालेल.”

कात्री आणि खडूच्या चुऱ्यामध्ये मी उभ्यानेच लिहिले. अक्षर माझे वाटत नव्हते. लिहून झाल्यावर तिने ते वडिलांना वाचून दाखवले. तिसऱ्या ओळीला त्याने तिला थांबवले.

“अनवधानानं म्हणजे?”

“चुकून, बाबा.”

“शाई चुकून सांडली,” तो म्हणाला. “आकडा चुकून नाही घातला.”

मी तो शब्द खोडला आणि वर ‘जाणूनबुजून’ लिहिले. मग आणखी खाली, चौकशीच्या ओळीत, मी स्वतःहूनच एक शब्द खोडला. ‘शक्यतो’ इथेही शिरला होता.

“तुमच्या दगडाचं काय लिहू?” मी विचारले. “ते मला लिहिता येईल, न लिहिता येईल. तुम्ही म्हणाल तसं.”

“लिहा की. तुमचं तेवढं खरं आणि माझं झाकलेलं, असं नको.”

अधिकारी मुलीने तो कागद फाटकापाशी उभ्याउभ्या दोनदा वाचला. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सकाळी ज्या हाताने तिने मला धरून आत नेले होते तो हात आता तिने खिशात घातला.

“सर, हे मला वर पाठवावं लागेल.”

“पाठवा.”

“पाटी होणार नाही मग. तुमचं नाव...”

“पाटी होऊ द्या. तेरा दगडांची. नाव नको.”

घरी आल्यावर बहिणीला सगळे सांगितले. तिने मधे एक शब्द काढला नाही, हे तिच्या स्वभावाला सोडून होते. शेवटी म्हणाली, “आणि मी सगळ्यांना सांगत सुटले होते, माझ्या दादानं आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही म्हणून.” पाटीच्या समारंभासाठी आणलेला माझा नवा शर्ट तिने परत घडी घालून कपाटात ठेवला. दोन दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरते बोलली.

दोन महिन्यांनी खात्याचा कागद निघाला. राखणदाराचा काही दोष नव्हता, असे त्यात चार ओळींत लिहिले होते. तो कागद त्याच्या घरी गेला तेव्हा तो म्हणाला म्हणे, मला वाचता येत नाही आणि लोक वाचत नाहीत. कागद नको. नकाशेवाल्याने सगळ्यांसमोर माझ्याबरोबर मोजावे.

तसे ठरले. बहिणीने सकाळी माझा जुनाच शर्ट इस्त्री करून दिला. “चल, मी येते,” म्हणाली. “तू एकटा गेलास तर बसमधूनच परत येशील.”

टेकाडापाशी पन्नास-साठ माणसे होती. काही हसायला आलेली, काही नुसतीच. इतक्या लोकांसमोर मी कधी उभा राहिलो नव्हतो. बोळातल्या त्या भिंतीवर अखेर मीच टाचला गेलो होतो, आणि ते योग्यच होते. राखणदार मुलीचा हात धरून आला. मास्तरापाशी येताच त्याने तो सोडला. पुढची वाट त्याला डोळ्यांशिवाय येत होती. तो दगडावर तळवा ठेवायचा, नाव घ्यायचा, आणि मी आकडा म्हणायचो.

“मास्तर.”

“एक.”

“मोठ्यानं,” मागून त्याची मुलगी म्हणाली.

“एक!”

जावांपाशी कुणीतरी हसले, आणि ते हसणे त्याला उद्देशून नव्हते, दगडांना होते. म्हातारीपाशी तो थांबला, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे तोंड वळवले.

“तेरा,” मी म्हणालो. मग कुणी न विचारता पुन्हा म्हणालो, “तेराच होते.”

ईशान्येला नुसता खड्डा होता. तिथला दगड खात्याच्या माणसांनी आधीच उपटून फाटकाच्या आत, वाटेच्या कडेला आडवा टाकला होता. लोक पांगू लागले. दुकानदार, म्हातारे, कुणीतरी त्याचा खांदा थोपटला, कुणी नुसतेच त्याच्या जवळून गेले. माझ्या वयाचा एक माणूस त्याला काही म्हणू पाहत होता. बहुधा हाक मारताना इतकी वर्षे वापरलेले नाव तोंडात आले असावे. तो तसाच निघून गेला.

राखणदार दमला होता. मुलीने त्याला त्या आडव्या दगडापाशी आणले आणि तो त्यावर बसला. शेपटाच्या टोकावरून त्याने सवयीने अंगठा फिरवला.

“गुळगुळीत झालाय,” तो म्हणाला. “चांगलं काम केलं होतं मी.”

“फार चांगलं,” मी म्हणालो.

त्याने ऐकले की नाही कळले नाही. दगडावर त्याच्या शेजारी आणखी एका माणसाची जागा होती. मला तो बस म्हणाला नाही. मी उभा राहिलो.